आईच्या ताटातील प्रथिने आणि मुलाच्या हृदयाला लागू पडणारे औषध

वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवताना मात्रा आणि परिणाम यांचा आलेख पहिल्या काही तासांतच फळ्यावर येतो. आडव्या अक्षावर औषधाची मात्रा, उभ्या अक्षावर त्याचा परिणाम आणि मधून वर चढत जाऊन सपाट होणारी एक रेषा. ही रेषा माणसामाणसांत डावीकडे-उजवीकडे का सरकते, हे सांगताना आम्ही वय, वजन, मूत्रपिंडाचे काम, यकृताचे काम, जनुके आणि सोबत चालू असलेली औषधे अशी यादी देतो. रुग्णाच्या जन्मापूर्वीच्या नऊ महिन्यांना त्या यादीत स्थान नसते. ते असायला हवे का, या प्रश्नाने मला बरीच वर्षे गुंतवून ठेवले आहे. वाचन करून माझे जे मत बनले ते आधीच सांगतो: प्रयोगशाळेतील उंदरांपुरते उत्तर स्पष्टपणे ‘हो’ असे आहे, माणसांच्या बाबतीत ‘हो’कडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत, पण त्या खुणांवरून कोणाच्याही गोळीची मात्रा बदलण्याची वेळ आलेली नाही.

या विषयाची सुरुवात औषधांपासून झाली नाही, नोंदवह्यांपासून झाली. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली 1911 पासून प्रत्येक बाळाचे जन्मवजन, त्याला अंगावर पाजले की बाटलीने, आणि वर्षाचे झाल्यावर त्याचे वजन किती भरले, हे शाईने लिहून ठेवले जात होते. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यांतील मुलगे पुढे कधी आणि कशाने गेले, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि 1911 ते 1930 या काळात जन्मलेल्या 5,654 पुरुषांचा हिशेब 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत जास्त होते. त्यावर लगेच आक्षेप आला आणि तो रास्त होता: कमी वजनाचे मूल बहुधा गरीब घरात जन्मते, गरीब घरातच वाढते, धुराच्या खोलीत झोपते, लवकर कामाला लागते, मग दोष गर्भातील दिवसांचा की त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा? माणसांच्या नोंदींतून हे दोन धागे सुटे करणे फार अवघड असते, आणि म्हणून हा प्रश्न प्राण्यांच्या प्रयोगशाळेत गेला.

प्रयोगाची रचना साधी आहे. गाभण उंदरीच्या खाद्यात केसीन हे दुधातील प्रथिन सामान्यतः 18 टक्के ठेवतात. दुसऱ्या गटात ते 9 टक्क्यांवर आणतात आणि उणीव पिष्टमय पदार्थांनी भरून काढतात, म्हणजे उष्मांक जवळपास तेवढेच राहतात. ही उपासमार नव्हे. पोट भरलेले असते, फक्त ताटात डाळ कमी आणि भात जास्त असतो. सायमन लँग्ली-एव्हान्स यांनी आधी साउथॅम्प्टनमध्ये आणि पुढे नॉटिंगहॅममध्ये ही पद्धत रुळवली. पिल्ले जन्मली की आईला आणि पुढे पिल्लांनाही नेहमीचे खाद्य मिळते, त्यामुळे दोन गटांतील फरक गर्भकाळापुरताच उरतो. प्रथिने कमी मिळालेल्या मातांच्या पिल्लांचा रक्तदाब काही आठवड्यांतच इतरांपेक्षा वर गेलेला दिसतो. पुढच्या सगळ्या प्रश्नांची सुरुवात या एका निरीक्षणातून झाली.

रक्तदाब हा मात्र अनेक अवयवांचा मिळून लागणारा निकाल असतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हृदयाच्या आत काय बदलते हे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले, की कमी प्रथिनांच्या आहारावरील मातांच्या नवजात पिल्लांच्या हृदयात स्नायुपेशींची संख्याच कमी असते. हृदयाची स्नायुपेशी ही त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशीसारखी जन्मभर विभागत राहत नाही. उंदरात जन्मानंतर थोड्याच दिवसांत हे काम जवळपास थांबते. माणसाचे गणितही फार उदार नाही. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-14 चा उपयोग करून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का आणि पंचाहत्तरीत 0.45 टक्के एवढ्याच स्नायुपेशी नव्याने तयार होतात असे दिसले. म्हणजे जन्मताना पदरात जे भांडवल पडते, त्यावरच बहुतांश आयुष्य काढायचे असते. पेशी कमी असल्या तर उरलेल्या पेशी आकाराने वाढून काम निभावतात, आणि विश्रांतीच्या वेळी अशा हृदयात काहीच उणे दिसत नाही. ताण पडला किंवा औषध दिले, की फरक उघडा पडतो.

आता औषधाकडे येतो. आयसोप्रेनॅलिन हे अॅड्रेनलिनच्या कुळातील एक कृत्रिम औषध आहे. हृदयाची गती अतिमंद झाली असता ते आजही आपत्कालीन उपाय म्हणून वापरले जाते, पण प्रयोगशाळेत त्याचा मान त्याहून मोठा आहे, कारण ते हृदयावरील बीटा रिसेप्टरांना, म्हणजे अॅड्रेनलिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, थेट चेतवते आणि हृदय किती जोराने व किती वेगाने उत्तर देते हे मोजू देते. केंब्रिजच्या सुझन ओझॅन यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच औषधाचा आहे. त्यांनी कमी प्रथिनांच्या आहारावर ठेवलेल्या मातांची तीन महिन्यांची नर पिल्ले घेतली, त्यांच्या शरीरात रेडिओ संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले आणि पिल्ले जागी व मोकळी असताना हृदयगती आणि रक्तदाब नोंदवला. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. भूल दिलेल्या किंवा हाताने दाबून धरलेल्या उंदराचे हृदय भीतीचे आणि भुलीचे मोजमाप देते, औषधाचे नव्हे.

निकाल असा होता. विश्रांतीच्या अवस्थेत या पिल्लांची हृदयगती सामान्य पिल्लांपेक्षा जास्त होती, रक्तदाब मात्र सारखाच होता. औषध सोडल्यावर हृदयगतीचा प्रतिसाद बोथट झाला: कमी मात्रेला कमाल गती गाठायला त्यांना अधिक वेळ लागला, ती गती कमी काळ टिकली आणि मूळ पातळीवर परत येण्यासही उशीर झाला. मात्रा वाढवल्यावर आकुंचनाच्या जोराचा प्रतिसादही कमी भरला, जरी तो लवकर आला. नंतर हृदयाच्या ऊतीत प्रथिनांचे मोजमाप केले, तेव्हा बीटा-1 रिसेप्टर कमी सापडले आणि बीटा-अरेस्टिन हे प्रथिन जास्त सापडले. रिसेप्टर ही पेशीच्या दारावरची बेल मानली, तर बीटा-अरेस्टिन हा ती बेल सतत वाजू लागली की तिची तार काढून ठेवणारा माणूस. या पिल्लांच्या हृदयात बेलाही कमी होत्या आणि तारा काढणारेही जास्त होते. रिसेप्टरपासून पुढे निरोप नेणाऱ्या जी-प्रथिनांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. बिघाड सगळ्या साखळीत पसरलेला नव्हता, तो साखळीच्या सुरुवातीच्या कड्यांत होता. औषधशास्त्राच्या दृष्टीने हे फार नेमके निदान आहे, कारण आपली अनेक हृदयविषयक औषधे याच पहिल्या कड्यावर काम करतात.

या प्रयोगाला एक मर्यादा आहे आणि ती अनेकदा सांगायची राहून जाते. केंब्रिजच्या रचनेत मातांना कमी प्रथिनांचा आहार गर्भकाळाबरोबर स्तनपानाच्या काळातही दिला होता. त्यामुळे दिसलेला परिणाम पूर्णपणे जन्मापूर्वीचा म्हणता येत नाही. उंदराचे जन्मानंतरचे पहिले काही दिवस अवयवांच्या घडणीच्या हिशेबात माणसाच्या गर्भारपणाच्या शेवटच्या काळाजवळ येतात हे खरे, तरीही आहाराचा कोणता कालखंड किती जबाबदार, हे या एका प्रयोगातून सुटत नाही.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. जिवंत प्राण्यात औषधाचा परिणाम मोजताना मज्जातंतू, रक्तातील संप्रेरके आणि रक्तवाहिन्यांचा ताण हे सगळे त्यात मिसळलेले असतात. प्रतिसाद बोथट झाला तो हृदयामुळे की हृदयावर बसलेल्या या मंडळींमुळे? याचे उत्तर शोधण्यासाठी हृदय शरीरातून बाहेर काढून चालते ठेवावे लागते, आणि ती युक्ती जर्मन शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी 1895 मध्येच दाखवून ठेवली आहे. महाधमनीत नळी बसवून तिच्यातून कोमट, प्राणवायूयुक्त, क्षार आणि ग्लुकोज यांचे द्रावण उलट दिशेने सोडायचे. महाधमनीची झडप मिटते, द्रावणाला हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरण्यावाचून वाट उरत नाही, आणि हृदय धडधडत राहते. डाव्या जवनिकेत एक चिमुकला फुगा ठेवला की प्रत्येक ठोक्याचा दाब मोजता येतो. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे त्याला ‘हृदय स्वयंस्फूर्तीने चालते’ हे वाक्य पुन्हा पाठ करावे लागत नाही. आता पदवीच्या विद्यार्थ्यांना हे प्रयोग संगणकाच्या पडद्यावरच दाखवले जातात. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण द्रावणाचे तापमान अंशभर घसरले तर आलेख कसा बिघडतो, हे पडदा शिकवत नाही.

नॉटिंगहॅमच्या गटाने हीच पद्धत वापरली. 2007 मध्ये त्यांनी अशा वेगळ्या काढलेल्या हृदयांचा द्रवपुरवठा काही वेळ थांबवून पुन्हा सुरू केला, म्हणजे हृदयविकाराचा झटका आणि त्यानंतर रक्तवाहिनी मोकळी होणे याची नक्कल केली. गर्भात प्रथिने कमी मिळालेल्या पिल्लांची हृदये या आघाताला अधिक बळी पडणारी ठरली. 2009 मध्ये त्याच गटाने आयसोप्रेनॅलिनला मिळणारा प्रतिसाद वेगळ्या काढलेल्या हृदयात तपासला आणि नर व मादी पिल्लांच्या संवेदनशीलतेत फरक असल्याचे नोंदवले. येथे मज्जातंतू नव्हते, रक्त नव्हते, आहारातील बदलही फक्त गर्भकाळापुरता होता. तरीही प्रौढ हृदय आईच्या आहाराप्रमाणे औषधाला वेगवेगळे उत्तर देत होते. नर-मादी भेदाची नोंद मला विशेष मोलाची वाटते, कारण औषधशास्त्रातील कितीतरी प्रयोग वर्षानुवर्षे केवळ नर प्राण्यांवर होत आले आणि त्यांतून निघालेल्या मात्रा स्त्रियांना जशाच्या तशा लावल्या गेल्या.

आईच्या ताटातील प्रथिने कमी झाली तर पिल्लाच्या हृदयापर्यंत ही बातमी पोचते कशी, याचा एक मार्ग वारेतून जातो. आईच्या रक्तात स्टेरॉइड संप्रेरके गर्भापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि वारेतील एक विकर त्यांना निष्क्रिय करून गर्भाचे रक्षण करते. कमी प्रथिनांच्या आहारात या विकराचे काम मंदावते, आईची स्टेरॉइड्स गर्भापर्यंत अधिक पोचतात आणि वाढ व्हायच्या पेशी वेळेआधीच परिपक्व होऊ लागतात. लँग्ली-एव्हान्स यांनी मातांची स्टेरॉइडनिर्मिती औषधाने रोखून पाहिली, तेव्हा आहार कमी प्रथिनांचाच असूनही पिल्लांचा रक्तदाब वाढला नाही. दुसरा मार्ग जनुकांवरील रासायनिक खुणांचा आहे. जनुक तेच राहते, पण त्यावरील मिथाइल गटांची मांडणी बदलते आणि ते जास्त किंवा कमी बोलू लागते. 2007 मध्ये अशा पिल्लांच्या अॅड्रेनल ग्रंथीत, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या एका रिसेप्टरच्या जनुकावरील या खुणा कमी आढळल्या, म्हणजे ते जनुक अधिक मोकळेपणाने काम करत होते.

अँजिओटेन्सिनचा हा धागा औषधांकडे परत आणतो, आणि या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त थांबवून ठेवणारा प्रयोग त्याच्याशीच जोडलेला आहे. कॅप्टोप्रिल हे अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारे, एकेकाळी आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्रास लिहिले जाणारे औषध. शर्मन आणि लँग्ली-एव्हान्स यांनी 1998 मध्ये ते गर्भात प्रथिने कमी मिळालेल्या पिल्लांना फक्त दोन ते चार आठवड्यांच्या वयात दिले आणि मग थांबवले. औषध शरीरातून कधीच निघून गेले होते, तरी पिल्ले मोठी झाल्यावर त्यांचा रक्तदाब वाढलेला नव्हता. पुढे 2000 मध्ये त्यांनी लोसार्टन आणि निफेडिपिन यांची तुलना केली. लोसार्टन अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवते, निफेडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. लोसार्टनने कॅप्टोप्रिलसारखाच टिकाऊ परिणाम दिला, निफेडिपिनने दिला नाही. म्हणजे रक्तदाब कसाही उतरवला तरी चालते असे नाही; ज्या यंत्रणेची घडण गर्भात बिघडली, त्याच यंत्रणेला योग्य वयात हात लावावा लागतो. मोठ्या वयाच्या रुग्णाला आपण ही औषधे जन्मभर देत राहतो. उंदराला ती कोवळ्या वयातील दोन आठवड्यांत पुरली. येथे एक ताकीद आवश्यक आहे: गरोदर स्त्रीला कॅप्टोप्रिल आणि लोसार्टन ही दोन्ही औषधे वर्ज्य आहेत, कारण ती गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि वरील प्रयोगाचा अर्थ लहान मुलांना रक्तदाबाच्या गोळ्या द्याव्यात असा मुळीच होत नाही.

माणसांत आयसोप्रेनॅलिनचा असा प्रयोग गर्भातील आहार जाणून घेऊन करणे सोपे नाही, पण निसर्गाने दिलेले औषध आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. घाबरल्यावर किंवा चिडल्यावर स्रवणारे अॅड्रेनलिन त्याच बीटा रिसेप्टरांवर जाऊन बसते. नेदरलँड्समधील संशोधकांनी नेमका हाच मार्ग घेतला. सप्टेंबर 1944 मध्ये दोस्त सैन्याच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मन सत्तेने पश्चिम भागाकडे जाणारे अन्न रोखले. पुढे कडक हिवाळ्यात कालवे गोठले. आम्स्टरडॅममध्ये प्रौढ माणसाचे रोजचे शिधापत्रकावरील अन्न 400 ते 800 कॅलरींवर आले आणि मे 1945 मध्ये देश मुक्त होईपर्यंत ही अवस्था राहिली. दुष्काळाची सुरुवात आणि शेवट इतके रेखीव होते, की कोणते बाळ गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यांत उपाशी होते हे जन्मतारखेवरून सांगता येते. आम्स्टरडॅमच्या विल्हेल्मिना गास्टहाउस या रुग्णालयाने त्या जन्मांची कागदपत्रे जपली होती. टेसा रोझबूम आणि सहकाऱ्यांनी ती माणसे पन्नाशीत असताना त्यांना शोधून तपासले. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळात दुष्काळ सोसलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार 8.8 टक्के होता, दुष्काळ न सोसलेल्यांत 3.2 टक्के. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा. पुढे याच समूहाला रंगांच्या नावांचा गोंधळात टाकणारा खेळ, आरशात पाहून आकृती गिरवणे आणि परीक्षकांसमोर भाषण असे ताणाचे प्रसंग देऊन रक्तदाब मोजला गेला. गर्भारपणाच्या सुरुवातीला दुष्काळ सोसलेल्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा जास्त उसळला.

यात वाचकाला विसंगती दिसेल: उंदराचे हृदय बीटा उत्तेजनाला कमी उत्तर देते आणि माणसाचा रक्तदाब मात्र जास्त उसळतो. मला ही विसंगती वरवरची वाटते. रक्तदाब हा हृदयाचा जोर आणि रक्तवाहिन्यांचा आवळ यांचा मिळून होतो, आणि ताणाच्या प्रसंगी मेंदूच्या आदेशाने किती अॅड्रेनलिन सोडले जाते हा तिसरा भाग त्यात आहे. शरीरात अॅड्रेनलिनचा मारा वर्षानुवर्षे जास्त असेल, तर हृदय स्वतःला वाचवण्यासाठी रिसेप्टर कमी करते. हे आपल्याला हृदयक्षीणतेच्या रुग्णांवरून माहीत आहे. मायकेल ब्रिस्टो यांनी 1982 मध्ये थकलेल्या मानवी हृदयात बीटा रिसेप्टर घटलेले असतात हे दाखवले, आणि अशा रुग्णांना बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारी औषधे, अगदी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवण्याची आजची पद्धत त्याच समजुतीशी जुळते. केंब्रिजच्या पिल्लांची विश्रांतीतील हृदयगती जास्त होती हे येथे आठवावे. माणसांतही कमी जन्मवजनाच्या प्रौढांची विश्रांतीतील नाडी जलद असते, असे बार्कर यांच्या गटाने 1997 मध्ये नोंदवले होते. जास्त मारा, त्यामुळे कमी रिसेप्टर, त्यामुळे बाहेरून दिलेल्या औषधाला बोथट उत्तर, ही साखळी जुळते. तिचे सर्व दुवे एकाच माणसात एकाच वेळी दाखवले गेलेले नाहीत, म्हणून मी तिला माझी समजूत म्हणतो, सिद्धान्त म्हणत नाही.

डच अभ्यासातील आणखी एक गोष्ट गैरसोयीची आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच दुष्काळ भोगलेल्या आणि नंतर अन्न मिळालेल्या मातांची बाळे जन्मतः वजनाने कमी नव्हती. हृदयाची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, वजन शेवटच्या तीन महिन्यांत चढते. म्हणजे जन्मवजन ठीक असूनही हृदयावर खूण राहू शकते. जन्मवजन विचारले की गर्भातील पोषण कळले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लेनिनग्राडच्या 1941 ते 1944 या वेढ्यात गर्भात असलेल्यांच्या 1997 मधील अभ्यासात तर असा संबंध आढळलाच नाही. त्यावर दिले जाणारे एक स्पष्टीकरण असे, की डच मुलांना जन्मानंतर लवकरच भरपूर अन्न मिळाले, लेनिनग्राडच्या मुलांना पुढेही तुटवडाच वाट्याला आला. टंचाईसाठी घडलेले शरीर सुबत्तेत सापडले की अडचणीत येते.

टंचाईत घडून सुबत्तेत येणे हे वर्णन महाराष्ट्रात कोणाला लागू पडते हे वेगळे सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भारपणापूर्वीपासून स्त्रियांच्या नोंदी सुरू केल्या. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन 2.7 किलो भरले, त्याच काळातील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. फरक स्नायूंत आणि पोटातील अवयवांत अधिक होता, त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली होती. काटकुळे पण चरबीचे बाळ, ही याज्ञिकांची नोंद आता जगभर उद्धृत होते. आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे प्रमाण जास्त असेल तर बाळ मोठे, आणि शेतातील व घरातील कष्ट जास्त असतील तर बाळ लहान, असेही याच अभ्यासात दिसले. म्हणून या विषयावर बोलताना ‘आईने नीट खाल्ले नाही’ अशा भाषेचा मला राग येतो. सर्वांत शेवटी जेवणारी आणि सातव्या महिन्यातही खुरपणीला जाणारी बाई स्वतःचे ताट स्वतः ठरवत नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तो त्यांच्या आवडीनिवडीमुळे नव्हे.

मग दवाखान्यात आज काय करावे? मात्रेच्या बाबतीत काहीही वेगळे नाही. हृदयविकारानंतर मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या कोणीही, आपण जन्मतः दोन किलोचे होतो म्हणून गोळी कमी-जास्त करू नये; उंदराच्या तीन महिन्यांच्या हृदयावरून साठीच्या माणसाची मात्रा ठरत नाही, आणि ही औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. नाडी आणि रक्तदाब पाहून मात्रा जुळवणे ही आजची पद्धत रुग्णाच्या गर्भकाळासह त्याचा सगळा इतिहास नकळत हिशेबात घेतेच. जिथे असे जुळवून घ्यायला वेळ नसतो, तिथे मात्र मला प्रश्न पडतो. डोब्युटामिन हे बीटा रिसेप्टर चेतवणारे औषध देऊन हृदयाची सोनोग्राफी करताना, वयानुसार काढलेल्या कमाल हृदयगतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रुग्णाला न्यायचे असते. काही रुग्णांची गती औषध वाढवत नेले तरी तेथे पोचत नाही, आणि त्याचे कारण बहुधा आधीच चालू असलेल्या बीटा-ब्लॉकरमध्ये शोधले जाते. त्यांपैकी काहींच्या हृदयात मुळातच रिसेप्टर कमी असतील का, ही माझी अटकळ आहे. पण ती तपासता येण्याजोगी आहे.

ती तपासण्यासाठी आपल्याइतकी चांगली जागा जगात थोडी असेल. साठीच्या मराठी रुग्णाला जन्मवजन विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. जन्म घरी, सुईणीच्या हातून झालेला असतो आणि कागद नसतो. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतील मुले मात्र आता तिशीत आहेत. त्यांच्या आयांनी गर्भारपणात काय खाल्ले, किती कष्ट केले, रक्तात बी-12 किती होते, आणि मुलाचे वजन व चरबी किती होती, हे सगळे लिहिलेले आहे. त्यांना आयसोप्रेनॅलिन देण्याची गरज नाही. निरोगी माणसाला केवळ कुतूहलापोटी असे औषध टोचणे मला पटणारही नाही. ट्रेडमिलवर चालवून हृदयगती किती वेगाने चढते आणि थांबल्यावर किती वेगाने उतरते हे मोजले, तरी केंब्रिजच्या पिल्लांत दिसलेला उशीर माणसात आहे की नाही याचा पहिला अंदाज येईल. आणि हे मोजमाप स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे मांडावे, एकत्र सरासरी काढून नव्हे.

पुढे या समूहातील ज्यांना रक्तदाबासाठी औषध सुरू करावेच लागेल, त्यांच्यात कोणते औषध किती मात्रेला लागू पडले याची नोंद आईच्या जुन्या आहाराच्या तक्त्याशेजारी ठेवता येईल. अँजिओटेन्सिन अडवणारी औषधे आणि रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे यांत उंदरांमध्ये जो फरक पडला, तो तिथे पडतो का, हे मला सर्वांत आधी पाहायला आवडेल.